पुनर्विकासाला पर्यावरण मंजुरी लागते का? आधी एरिया स्टेटमेंट मागा

पुनर्विकासाच्या सभेत कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) आणि भाड्यावरून दोन-दोन तास भांडणं होतात. पर्यावरण मंजुरीचा विषय निघाला की मात्र ‘ते बिल्डर बघेल’ म्हणून सगळे चहाकडे वळतात. तिथेच चुकतं.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला ही मंजुरी आधी घ्यावी लागते. गोम आहे ‘बांधकाम’ या शब्दात. इथे एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं चटईक्षेत्र, मोजत नाहीत. बेसमेंट आणि सर्व्हिस एरियासकट सगळ्या मजल्यांचं आच्छादित क्षेत्र धरतात. आर्किटेक्टच्या एरिया स्टेटमेंटमध्ये, म्हणजे क्षेत्रफळाच्या तक्त्यात, तळाशी ‘नॉन-एफएसआय’ म्हणून ढकललेल्या ओळी असतात ना, जिना, लिफ्ट लॉबी, पोडियम पार्किंग वगैरे, त्या इथे वर येतात. समजा एफएसआय १३,००० आणि या ओळी ८,५००, तर तुम्ही २१,५०० वर पोचलात. दीड लाख चौरस मीटरच्या पुढे टाउनशिपचे नियम लागतात आणि पर्यावरणावरील परिणामांचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो.

अर्ज विकासक करतो. स्वयंपुनर्विकास असेल तर सोसायटी. तो पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. सोबत साधारणपणे प्रॉपर्टी कार्ड, विकास करारनामा, डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा दाखला), संकल्पना आराखडा, झाडांची यादी, पाणी, सांडपाणी आणि डेब्रिजचा हिशेब. छाननी राज्य तज्ज्ञ समिती म्हणजे ‘सॅक’ करते, मंजुरी ‘सिया’, म्हणजे राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, देते. प्लॉट खाडीला किंवा समुद्राला लागून असेल, तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं, प्रकरण त्यात आलंच.

इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. (खाणीला सुनावणी, चाळीस मजल्यांना नाही, मला हे कधी पटलेलं नाही.) त्यामुळे प्रस्ताव क्रमांक मागून घ्या आणि पोर्टलवरची कागदपत्रं स्वतः वाचा. टँकरवर जगणाऱ्या गल्लीत रोजचं पाणी कुठून येणार म्हणून लिहिलंय, एवढं तरी बघाच.

मंजुरी हातात येईपर्यंत जागेला कुंपण घालता येतं. बांधकाम सोडाच, जमीन तयार करण्याचं कामही सुरू करता येत नाही. मंजुरी मिळाल्यावर विकासकाने दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते. तिचं कात्रण तारखेसह फाइलला लावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. उशिराचं सबळ कारण पटलं तर आणखी जास्तीत जास्त ६०.