‘गिधाडे’मागचा इतिहास

‘गिधाडे’ हे नाटक आले तेव्हा मराठी रंगभूमीला घरातली भांडणे नवी नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांच्या १९०९ मधील ‘भाऊबंदकी’त १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या निमित्ताने सत्तेपायी दुभंगलेले घराणे उभे राहिले, मात्र तिथे कलहाला इतिहासाचा आणि राजकारणाचा भारदस्त पोशाख होता. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त संसाराची राखरांगोळी होते ती व्यसनामुळे, आणि सिंधूच्या पातिव्रत्यामुळे प्रेक्षकाला रडायला तरी जागा मिळते.

विजय तेंडुलकरांनी ‘गिधाडे’मध्ये ती जागाही ठेवली नाही. पितळे कुटुंबात पप्पांनी सख्ख्या भावाला धंद्यात फसवलेले असते आणि मुले तोच धडा बापावर गिरवतात. रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही भावंडे पैशासाठी आधी बापावर आणि मग एकमेकांवर उठतात. रमा ही सून आणि पप्पांचा अनौरस मुलगा रजनीनाथ एवढेच काय ते मऊ कोपरे. भावंडांच्या तोंडची शिवराळ, खेकसणारी भाषा हा नाटकाचा अलंकार नव्हे, कणा आहे. ती सौम्य केली असती तर उरले असते ते वारसाहक्काचे एक सामान्य भांडण.

साठच्या दशकाच्या आरंभी लिहिलेले हे नाटक रंगमंचावर यायला १९७० उजाडले. ते थिएटर युनिट या नाट्यसंस्थेने श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली केले. प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडून, मंजूर करून घ्यावी लागत असल्याने संघर्ष अटळच होता. भावांच्या मारहाणीने गर्भपात झालेली माणिक लंगडत बाहेर येते, तेव्हा तिच्या साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या डागाला मंडळाने हरकत घेतली. त्यावर डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. मंडळाचा मान राखून त्याचीच फजिती करणारी अशी युक्ती विरळाच.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणले, तेव्हा वाटणीचा प्रश्न पुन्हा समोर आला. पण धरणगावच्या देशपांडे कुटुंबात कुणी कुणावर हात उगारत नाही. वडील तात्याजींच्या मृत्यूनंतर मुंबईहून आलेला सुधीर आणि घर सांभाळणारा त्याचा भाऊ भास्कर यांच्यातले ताण जमीन, दागिने आणि तेराव्याचा खर्च यांच्या हिशेबांतून उलगडत जातात.