लेखन-अध्यापनातील साहाय्यक तंत्रज्ञान

लेखन-अध्यापनातील साहाय्यक तंत्रज्ञान : दृष्टी, श्रवण, हालचाल, लक्ष किंवा भाषाप्रक्रिया यांतील भिन्नतेमुळे ज्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या पद्धतीने लिहिणे अवघड जाते, त्यांना लेखन शिकविताना वापरली जाणारी साधने, संगणकीय आज्ञावल्या आणि त्यांच्या वापराच्या पद्धती. जाड पकडीची पेन्सिल व उतरती लेखनफळी यांपासून बोललेले शब्द मजकुरात उतरविणाऱ्या प्रणालींपर्यंत या संज्ञेची व्याप्ती आहे. प्रस्तुत नोंदीत ‘लेखन’ म्हणजे सुवाच्य अक्षर काढणे एवढाच अर्थ अभिप्रेत नाही. मनातले विचार निवडून, जुळवून, वाचकाला कळतील अशा मजकुरात मांडणे हे लेखन होय.

संकल्पना : लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांनी १९८० च्या सुमारास लेखनप्रक्रियेचे नियोजन, शब्दांकन आणि पुनरावलोकन असे तीन घटक सांगितले. हे प्रतिमान प्रौढ लेखकांवरून बेतलेले होते. व्हर्जिनिया बर्निंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या लेखनाचा अभ्यास करताना त्यातील शब्दांकनाचे दोन भाग पाडले : मजकुराची निर्मिती आणि लिप्यंकन. लिप्यंकन म्हणजे शब्दाचे लेखी रूप आठवणे आणि ते हाताने अथवा कळफलकावर उमटविणे. हे काम अंगवळणी पडलेले नसेल, तर मुलाची कार्यकारी स्मृती (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती) त्यातच खर्ची पडते आणि पुढचे वाक्य हातातून निसटते. तोंडी गोष्ट रंगवून सांगणारे मूल कागदावर मात्र दोन तुटक ओळी लिहिते, याचे कारण बऱ्याचदा हेच असते. त्याला आळशी ठरविणे हा त्याच्यावरचा उघड अन्याय आहे. तंत्रज्ञानाने लिप्यंकनाचा भार उचलावा आणि रचना विद्यार्थ्याकडेच राहावी, हे या क्षेत्रातील मूळ सूत्र असून पुढे उल्लेखिलेले बहुतेक वाद या दोहोंमधील सीमारेषेवरूनच झाले आहेत.

इतिहास : अपंगत्वामुळे लिहू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी यंत्र बनविण्याचा सर्वांत जुना, पुरावा असलेला प्रयत्न इटलीतील मानला जातो. कॅरोलिना फॅन्टोनी या अंध उमराव स्त्रीने यंत्रावर उमटविलेली काही पत्रे उपलब्ध असून त्यांतील सर्वांत जुनी १८०८ च्या सुमाराची आहेत. यंत्र मात्र टिकलेले नाही. त्याचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ पेलेग्रीनो तूर्री यांना देतात. दुसऱ्या मतानुसार मूळ यंत्र कॅरोलिनाचा भाऊ अगोस्तिनो याने १८०२ च्या आसपास बनविले आणि तूर्री यांनी त्यात सुधारणा करून शाईऐवजी कार्बन कागदाची सोय केली. प्रत्यक्ष यंत्राच्या अभावी या वादाचा निर्णायक निकाल लागणे कठीण असले, तरी दोघांचाही वाटा मान्य करणारे दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. कार्बन कागदाचा उगमही याच गरजेशी जोडलेला आहे. रॅल्फ वेजवुड यांनी इंग्लंडमध्ये १८०६ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेले कार्बन कागदाचे लेखनसाधन प्रथम अंधांना लिहिता यावे या हेतूने योजलेले होते, असे सांगितले जाते. तूर्री यांचा कागद वेजवुड यांच्यापासून स्वतंत्रपणे निर्माण झाला असावा.

पॅरिसच्या अंधशाळेत लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. तिच्यामुळे अंध विद्यार्थी लिहू लागले, पण ते लेखन ब्रेल जाणणाऱ्यांपुरतेच मर्यादित राहिले. डोळस घरच्यांना पत्र कसे लिहावे, हा प्रश्न उरला होता. त्यावर ब्रेल यांनी १८३९ मध्ये नेहमीच्या अक्षरांचे आकार ठिपक्यांनी साकारण्याची पद्धत मांडली. ती हाताने वापरणे वेळखाऊ होते. म्हणून याच शाळेचे अंध माजी विद्यार्थी प्येर फूको यांनी ‘राफिग्राफ’ हे यंत्र सु. १८४१ मध्ये तयार केले. टंकलेखन यंत्राच्या इतिहासात या यंत्राची नोंद सहसा ओझरती होते. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण लिहिणाऱ्याच्या गरजेइतकीच वाचणाऱ्याची सोयही त्यात विचारात घेतली होती.

कोपनहेगनच्या मूकबधिर संस्थेचे प्रमुख रास्मुस मॉलिंग-हान्सन यांचा अर्धगोलाकार ‘लेखनगोल’ हे टंकलेखन यंत्र १८७० मध्ये एकस्वांकित झाले. आपले विद्यार्थी बोटांच्या खुणांनी जितक्या वेगाने शब्द जुळवितात तितक्या वेगाने ते हाताने लिहू शकत नाहीत, या निरीक्षणातून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी १८९२ मध्ये ब्रेल लेखनयंत्र तयार केले. पर्किन्स अंधशाळेतील हस्तव्यवसायाचे शिक्षक डेव्हिड एब्रहॅम यांनी रचलेले पर्किन्स ब्रेलर हे यंत्र १९५१ पासून तयार होऊ लागले. सहा ठिपक्यांसाठी सहा कळा आणि मोकळ्या जागेची एक कळ ही त्याची मांडणी आजच्या विद्युत् ब्रेल साधनांतही कायम आहे. हातपाय हलवू न शकणाऱ्यांसाठी रेज मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात ‘पॉसम’ ही यंत्रणा विकसित केली. नळीत फुंकून वा ओढून टंकलेखन यंत्र चालविणे तीमुळे शक्य झाले.

साधने : संगणक शाळांत आल्यावर भर उघड दिसणाऱ्या अपंगत्वाकडून वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया), लेखन-अक्षमता (डिस्ग्राफिया) व अवधान-अस्थिरता यांकडे सरकला. शब्दसूचक आज्ञावली हे या बदलाचे बोलके उदाहरण होय. डंडी विद्यापीठात ॲलन न्यूएल यांच्या गटाने १९८० नंतरच्या दशकात तयार केलेली अशी प्रणाली कळा दाबण्याचे श्रम वाचावेत म्हणून होती. शाळांत वापरताना असे दिसले, की पहिली एकदोन अक्षरे आठवणाऱ्या मुलाला यादीतून नेमका शब्द ओळखता येतो आणि त्यामुळे शुद्धलेखनाच्या धास्तीने टाळलेले शब्द तो वापरू लागतो.

बोलून लिहिण्याची प्रणाली १९९० मध्ये व्यक्तिगत संगणकावर आली, तेव्हा प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. हे थांबणे लेखनाच्या ओघाला मारक ठरे. सलग बोलणे ओळखणाऱ्या आज्ञावल्या १९९७ पासून उपलब्ध झाल्या. अस्पष्ट उच्चार असलेल्या विद्यार्थ्यांबाबत मात्र त्या आजही अडखळतात. ज्यांना त्यांची गरज सर्वाधिक, त्यांनाच त्या कमी उपयोगी पडतात, ही त्यांची मोठी उणीव आहे. मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींचा उगम रेमंड कर्झवील यांच्या १९७६ मधील वाचनयंत्रापर्यंत नेता येतो. लेखनात त्यांचा उपयोग पुनरावलोकनासाठी होतो : डोळ्यांतून सुटलेला गाळलेला शब्द कानाला लगेच खटकतो. नियोजनासाठी संकल्पनाचित्रे काढण्याची साधने आहेत. बधिर विद्यार्थ्यांसाठी आधी खुणांच्या भाषेतील चित्रफीत आणि मग त्यावरून लेखी मसुदा अशी पद्धतही वापरली जाते.

लिपीचा प्रश्न : ही साधने प्रामुख्याने रोमन लिपीसाठी घडली. देवनागरीत त्यांना वेगळ्या अडचणी येतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी हाताने आधी काढली जाते, उच्चारात मात्र ती व्यंजनानंतर येते. जुन्या टंकलेखन यंत्रांवरील मांडणीत वेलांटीची कळ आधी दाबावी लागे. भारतीय लिपींसाठीच्या इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलक-मांडणीत आणि युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या साठवणुकीत तिचा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे व्यंजनानंतर असतो. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्येही स्वर व्यंजनानंतरच येतो. क्रमाचा गोंधळ होणाऱ्या मुलाला उच्चारानुसारी मांडणी तर्कतः सोपी पडावी. परंतु ज्याला वेलांटी आधी काढण्याची सवय लागली आहे, त्याला पडद्यावर ती मागून येऊन पुढे जाऊन बसताना पाहणे बुचकळ्यात टाकते. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटविणारी मांडणी मोठ्यांना सोयीची असली, तरी तिच्यासाठी मुलाला आधी दुसरी लिपी यावी लागते.

शुद्धलेखन तपासनिसाची मराठीतील मर्यादा याहून खोल आहे. शाळेत, शाळेतून, शाळेतल्यांना अशी प्रत्यय लागून होणारी रूपे इतकी असतात, की नुसती शब्दसूची पुरत नाही. शब्दाचे सामान्यरूप आणि प्रत्यय वेगळे करणारे विश्लेषण लागते. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द सूचीत असल्याने त्यांची अदलाबदल तपासनिसाच्या नजरेला येत नाही. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक क्वचितच ऐकू येत असल्यामुळे बोलून लिहिण्याच्या प्रणालीलाही तो संदर्भावरूनच ताडावा लागतो.

परिणामकारकता : चार्ल्स मॅकआर्थर व स्टीव्ह ग्रॅहॅम यांनी १९८७ मध्ये अध्ययन-अक्षम मुलांच्या गोष्टींची तीन प्रकारांत तुलना केली. तोंडी सांगून लिहवून घेतलेल्या गोष्टी लांब आणि दर्जेदार ठरल्या. हाताने लिहिलेल्या व संगणकावर लिहिलेल्या गोष्टींत फारसा फरक आढळला नाही. केवळ यंत्र पुढ्यात ठेवल्याने लेखन सुधारत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. कळफलकाचा सराव आणि पुनर्लेखनाचे अध्यापन यांची जोड मिळाली, तर कच्च्या लेखकांना संगणकाचा फायदा होतो, याकडे नंतरच्या संशोधनाचा कल आहे. हस्तलेखन सोडून द्यावे काय, हा प्रश्न वेगळा. करिन जेम्स व लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये वाचन न येणाऱ्या मुलांवर केलेल्या मेंदूप्रतिमा-अभ्यासात हाताने काढलेली अक्षरे नंतर पाहताना वाचनाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. टंकित केलेल्या अक्षरांबाबत तसे दिसले नाही. लहान वयात थोडा वेळ हाताने अक्षरे काढणे आणि दीर्घ मजकुरासाठी कळफलक, ही विभागणी या दोन्ही निष्कर्षांशी सुसंगत आहे.

कर्तृत्वाचा वाद : ‘साहाय्यित संप्रेषण’ या पद्धतीत सहायक विद्यार्थ्याचा हात किंवा मनगट धरून कळफलकावर आधार देतो. ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात रोझमेरी क्रॉसली यांनी ती पुढे आणली आणि १९९० च्या सुमारास ती स्वमग्न मुलांसाठी झपाट्याने पसरली. नियंत्रित चाचण्यांत विद्यार्थी व सहायक यांना वेगवेगळी चित्रे दाखविली असता सहायकाने पाहिलेल्या चित्राचेच नाव टंकित होई. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचा ठराव केला. सहायक जाणूनबुजून फसवीत होते असे नव्हे. आपणच हात चालवीत आहोत याची त्यांना जाणीव नसे. स्वतंत्रपणे कळ दाबता येईल असे साधन, मग ते नजरेने चालणारे असो वा एका खटक्यावर, म्हणूनच श्रेयस्कर मानले जाते.

लिहिलेला मजकूर नेमका कोणाचा, हाच प्रश्न २०२२ च्या अखेरीपासून मजकूर रचणाऱ्या भाषाप्रतिमानांमुळे नव्या रूपात पुढे आला आहे. शब्द सुचविणारे साधन आणि परिच्छेद रचणारे साधन यांत अंशांचा फरक आहे असे काही मानतात. तो प्रकाराचा फरक मानणे अधिक योग्य होय : पहिल्यात सुचविलेल्या शब्दांतून आपला शब्द ओळखून घेणे विद्यार्थ्याकडे असते, दुसऱ्यात काय म्हणायचे हेसुद्धा यंत्र ठरविते. परीक्षेतील लेखनिकाला जो नियम लागू असतो, की सांगितले तेवढेच उतरवावे आणि स्वतःची भर घालू नये, तो येथेही निकष म्हणून उपयोगी पडतो. यासाठी काही शिक्षक विद्यार्थ्याचे तोंडी सांगितलेले टिपण, पहिला मसुदा आणि साधनाच्या मदतीने सुधारलेली प्रत अशा तिन्ही गोष्टी जपून ठेवून एकत्र वाचतात.