नागिणीच्या नमुन्याला बालपणीचं गाव विचारा

कांजिण्यांना कडुनिंबाचा पाला, आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो ही धास्ती: आपल्या घरांत हे दोन आजार कायम वेगळे धरले गेले. विषाणू एकच, व्हॅरिसेला-झोस्टर. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत दडून बसतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की एका नसेच्या वाटेने अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठतो. म्हणूनच वेढा सहसा पुरा होत नाही.

हंगेरीचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागिणीच्या रुग्णांच्या घरातल्या मुलांना कांजिण्या होताना पाहिल्या. दडून बसण्याची कल्पना होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये मांडली. १९८४ मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्या आणि पुढे उठलेली नागीण, दोन्हींतल्या विषाणूंचे डीएनए एन्झाइमने कापून ताडून पाहिले गेले आणि ते जुळले.

१९८६ मध्ये ग्लासगोला या विषाणूच्या ड्युमास वाणाचा (उपप्रकाराचा) संपूर्ण डीएनए वाचला गेला: १,२४,८८४ अक्षरं. माणसाच्या हर्पिस विषाणूंत हा सर्वात छोटा, आणि बदलतोही फार थोडा. दूरच्या वाणांतही हजार अक्षरांमागे एक-दोनच फरक. त्या फरकांवरून कुळं म्हणजे क्लेड ठरले. २०१० मध्ये त्यांच्या क्रमांकांची सामायिक पद्धत प्रसिद्ध झाली. १ आणि ३ मुख्यतः युरोपीय, २ जपानकडचा, ५ आफ्रिका आणि भारतीय उपखंडातला.

पुण्यातल्या प्रयोगशाळेला हे फार जवळून लागतं. कांजिण्यांच्या लशीचा ओका वाण १९७४ मध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी जपानमध्ये तयार केला. तो क्लेड २ चा. लस घेतल्यावर मुलाला पुरळ आलं तर ते लशीचं की बाहेरून लागलेल्या विषाणूचं, हे ओळखायला अमेरिकेत जनुक ५४ मधली बीजीएल-१ ही खूण, म्हणजे त्या नावाचं एन्झाइम डीएनए जिथे कापतं ती जागा, चालायची. तिथल्या बहुतेक रानटी, म्हणजे लशीबाहेरच्या नैसर्गिक वाणांत ती नाही, ओकात आहे. पण क्लेड ५ मध्येही ती आहे! एवढ्याच खुणेवर निकाल दिला तर इथल्या साध्या कांजिण्या लशीच्या माथी बसतात. जनुक ३८ मधली पीएसटी-१ खूण जोडीला घ्यावी: ओकात ती नाही, क्लेड ५ मध्ये आहे. जपानच्या काही रानटी वाणांतही ती नसते, म्हणून शेवटची खात्री जनुक ६२ मधल्या, डीएनएच्या १०६२६२ व्या अक्षराच्या जागेवर करावी. लशीत तिथे टी या अक्षराचा सी झालेला असतो.

क्लेड ठरवायला जनुक २२ चा ४४७ अक्षरांचा तुकडा वाचतात. त्याने ४ आणि ५ वेगळे होतात, १ आणि ३ होत नाहीत. त्यासाठी जनुक २१ किंवा ५० लागतं.

नमुना फसतो तो बहुधा घेतानाच. फोड सुईने उघडून पॉलिएस्टर स्वॅबने तळ नीट घासावा. नुसतं पाणी टिपलं तर पेशी कमी येतात. कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅब पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून करायची तपासणी, अडवतो. फोड सुकले असतील तर दोन-तीन खपल्या कोरड्या कुपीत टाकाव्यात, द्रव घालू नये. खपलीत डीएनए उत्तम टिकतो.

आणि फॉर्मवर पत्त्याखाली आणखी एक रकाना हवाच: कांजिण्या कुठे आणि कितव्या वर्षी झाल्या? नागिणीचा विषाणू कोथरूडच्या आजच्या पत्त्याचा नसतो. तो नैरोबीहून शिकायला आलेल्या मुलीच्या बालपणाचा असू शकतो किंवा परदेशात वाढून परतलेल्या गृहस्थांच्या शाळेतला. हा रकाना कोरा ठेवून कुठला क्लेड कुठे आढळतो याचा नकाशा काढला, तर माणसांच्या स्थलांतराला साथीचा फैलाव समजण्याची चूक होते.