लायसन्सवालं रिव्हॉल्व्हर आणि आपले रोजचे कपडे : शिवायला टाकायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे माप द्यायला येणाऱ्या तायांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिखस का?" म्हंजे बाहेरून दिसतं का. आणि आमचंही उत्तर ठरलेलं आहे, की ताई दिसण्याचं नंतर बघू, आधी ते कंबरेवर हलत नाही ना आणि ट्रिगर पूर्ण झाकला जातोय ना एवढं बघू. कपडा सगळ्यात शेवटी येतो. लोक उलटं करतात, आधी ढगळ कुर्ती घेतात आणि मग त्यात कुठेतरी रिव्हॉल्व्हर खोसायला बघतात, आणि तिथंच घोळ होतो.

आमचं दुकान जळगावात, पुढच्या बाजूला लेडीज टेलरिंग आणि मागच्या खोलीत चामड्याचं काम. वडील सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी जीन, लगाम, पट्टे शिवायचे, त्यांच्या हाताखाली भाऊ शिकला, आता तो होल्स्टर, म्हंजे रिव्हॉल्व्हर अंगाला लावून ठेवायचं कव्हर, बनवतो आणि कपड्यांचं मी बघते. येणाऱ्या बायका म्हंजे कुणी पेट्रोलपंप सांभाळते, कुणाचं सराफी दुकान आहे, कुणी रावेर-यावलकडे केळीची बाग एकटी बघते आणि रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात जाते. हौस म्हणून कुणी येत नाही. म्हणून आम्ही हे काम घेतो आणि म्हणूनच ते नीट करायचं असतं.

कायद्याचं आधी सांगते कारण झाकून बाळगणं ही आपल्याकडे आवडीनिवडीची गोष्टच नाहीये. २०१६ च्या शस्त्र नियमांत ३२ वा नियम आहे, त्यात सरळ लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी हँडगन, म्हंजे रिव्हॉल्व्हर-पिस्तूल, न्यायची तर ती अंगाला लावलेल्या होल्स्टरमधे किंवा सॅकसारख्या पिशवीत पाहिजे, पूर्ण झाकलेली पाहिजे आणि तुमचा तिच्यावर नीट ताबा पाहिजे. लोकांना दाखवली, परजली, तर लायसन्स रद्द होऊ शकतं आणि हत्यार जप्त. म्हंजे कंबरेला लावून वरून साडीचा पदर बाजूला सारून बाजारात फिरायचं हे फिल्मी काम चालत नाही. लायसन्स जळगाव, धुळे, नंदुरबारला जिल्हाधिकारी देतात, वय २१ पूर्ण पाहिजे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते ५ वर्षांचं असतं. लायसन्स कायम जवळ ठेवा, पोलिसांनी मागितलं तर दाखवावं लागतं, म्हणून आम्ही होल्स्टरच्या बेल्टलाच आतून एक चपटा कप्पा देतो, घामाने कागद भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या अस्तराचा.

आणि हे पण स्पष्ट, लायसन्स बघितल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यासाठी कितीही ओळखीने आलात तरी एक टाकासुद्धा घालणार नाही. तो कट्टा कायद्यात तर बसत नाहीच, पण तो कधी आपोआप उडेल याचा भरवसा नसतो आणि ते आपल्या पोटाला लावून फिरायचं म्हंजे काय.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते. सुरवातीला आम्ही इलास्टिकचे मऊ पट्टे शिवायचो, पोटाला गुंडाळायचे आणि त्यात शिवलेल्या खिशात रिव्हॉल्व्हर, बायकांना फार आवडायचे कारण मऊ, टोचत नाहीत, वरून काही उठून दिसत नाही. एक दिवस मी स्वतः रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा लाकडी ठोकळा त्यात घालून ट्रायल घेत होते तेव्हा सहज वरून बोट दाबलं तर कापडातून मला ट्रिगरची जागा हाताला लागली, नुसती लागली नाही तर बोट आत पण गेलं. रात्रभर झोप नाही आली. दुसऱ्या दिवसापासून एकेकीला फोन करून सगळे पट्टे परत मागवले आणि प्रत्येकात ट्रिगरच्या भागाला कडक प्लास्टिकचं कवच बसवून मगच परत दिले. तुमच्याकडे ऑनलाईन मागवलेला नुसत्या कापडाचा पट्टा असेल तर आजच हा प्रयोग करा, रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, मग बाहेरून ट्रिगरच्या जागी दाबून बघा. बोट आत जात असेल तर तो पट्टा वापरू नका, कितीही महाग असला तरी.

दुसरी गोष्ट पट्टा. .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरं वजनाला काही कागद नसतात, कानपूरच्या कारखान्याने २०१४ मधे बायकांसाठी म्हणून जे 'निर्भीक' काढलं ते हलकं म्हणवतात तरी अर्धा किलोच्या आसपास आहे. अर्धा किलो कंबरेच्या एका बाजूला दिवसभर लटकणार. परकराचा नाडा हे वजन धरत नाही, सलवारीचा तर नाहीच, लेगिंगचं इलास्टिक तासाभरात खाली यायला लागतं आणि मग बाई सारखी कंबरेला हात लावून वर ओढत राहते. तो सारखा जाणारा हातच सगळ्यात मोठी चुगली करतो बरं का, कपड्यावर छाप उठली नाही तरी बघणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं. म्हणून परकराच्या किंवा सलवारीच्या आतून दीड इंचाचा कडक पट्टा वेगळाच बांधायचा, वजन त्यावर, नाड्याने फक्त कपडा धरायचा.

बाजारात मिळणारे होल्स्टर बहुतेक पुरुषांच्या कंबरेच्या हिशोबाने केलेले असतात, त्यांची कंबर आणि नितंब जवळजवळ सरळ रेषेत. आपलं तसं नाही, कंबर आत आणि खाली रुंद, म्हणून तेच होल्स्टर लावलं की नळीचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ आत फासळीत रुतते, त्यात आपलं कंबर ते फासळी अंतर कमी. ताई म्हणतात मला सहन होत नाही, माझं शरीरच जाड आहे. शरीराला दोष देऊ नका, होल्स्टर चुकीचं आहे. भाऊ पट्टा थोडा खाली घेतो, तेवढ्याने मूठ फासळीत रुतत नाही, टोचणंही थांबतं आणि उठून दिसणंही.

आता कपडे. कुर्ती सगळ्यात सोयीची. ए-लाईन कट, कंबरेत नेहमीपेक्षा दोन इंच सैल, कापड थोडं जाड कॉटन किंवा खादी, आणि रंग गडद किंवा बारीक प्रिंटचा, कारण प्रिंटवर छाप कळत नाही. फिक्या रंगाचं प्लेन जॉर्जेट, शिफॉन, अंगाला चिकटणारं होजियरी टाळा. साईडची कट होल्स्टरच्या बऱ्याच खाली सुरू झाली पाहिजे, नाहीतर स्कुटीवर वारा लागला की पल्ला उडतो आणि सिग्नलला सगळं गाव बघतं. आम्ही खालच्या दुमडीत पडद्याला लावतात तसं छोटं वजन शिवून देतो, पल्ला खाली राहतो.

पण कुर्तीत एक धोका आहे तो नीट ऐका. रिव्हॉल्व्हर परत होल्स्टरमधे ठेवताना कापडाची घडी, नाड्याचं टोक किंवा ओढणीचा गोंडा ट्रिगरच्या जागी अडकला आणि आपण वरून दाबलं तर गोळी सुटते, स्वतःच्याच मांडीत. म्हणून होल्स्टरच्या बाजूला गोंडे, लटकन, लांब नाडे काही नको, तुम्ही सांगितलंत तरी आम्ही लावून देणार नाही. ठेवताना दुसऱ्या हाताने कपडा पूर्ण वर धरा, खाली मान घालून बघा, बोट बाहेर सरळ, आणि सावकाश. ठेवायची घाई कधीच नसते.

साडीत पदर कोणत्या खांद्यावर त्यावर सगळं ठरतं. नेहमीच्या डाव्या खांद्यावरच्या पदरात डावी कंबर उघडी पडते, उजव्या बाजूवरून पदर तिरपा जातो, म्हणून उजव्या हाताच्या बाईला उजवी कंबर बरी पडते, फक्त पदर पिनअप करताना एक पिन कमी लावा आणि ब्लाऊज दोन बोटं लांब ठेवा. आपल्याकडे गुजर आणि मारवाडी घरांतून उजव्या खांद्यावरून पुढे सोडलेला पदर घेतात, त्यात पुढचं सगळं झाकलं जातं, तिथे पोटापुढचं होल्स्टर छान लपतं, पण खाली बसताना नळी मांडीकडे येते म्हणून त्या जागेसाठी आम्ही फक्त कडक कवचाचंच देतो. नऊवारीला आम्ही नाही म्हणतो. चालताना कासोटा ओढला जातो, कंबरेवरचं काहीच जागेवर राहत नाही, खूप प्रयत्न करून बघितला.

जीन्सवर लांब शर्ट किंवा जॅकेट, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बुरख्यात झाकायला अडचण नाही पण आत हात पोचायला आहे, त्यासाठी आतून बाजूला एक उघडी फट लागते, ती करून देतो.

मांडीला बांधायचं किंवा ब्राला अडकवायचं होल्स्टर मागता, ते आम्ही बनवत नाही. मांडीचं घामाने घसरतं, आणि ब्राच्या होल्स्टरमधून काढताना नळी स्वतःच्या हातावरून, छातीवरून फिरते.

पर्स. बहुतेक बायकांना पर्सच सोपी वाटते आणि नियमात पिशवी चालते हेही खरं, तरी मला ती पटत नाही. एसटी स्टॅंडवर पर्स ओढून नेली तर पैशाबरोबर रिव्हॉल्व्हर गेलं आणि ते उद्या कुणाच्या हातात जाईल माहीत नाही. नातवंडं चॉकलेट शोधायला पहिला हात आजीच्या पर्समधेच घालतात. चावी, पेन ट्रिगरमधे शिरतं. तरी पर्सच पाहिजे असेल तर रिव्हॉल्व्हरचा कप्पा वेगळा, चेनचा, आत कडक कवच, त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही, लिपस्टिकसुद्धा नाही, आणि पर्स आडवी गळ्यात. खुर्चीला अडकवायची नाही, स्कुटीच्या हुकला नाही, भाजी घेताना पायाशी ठेवायची नाही.

उन्हाळा आपल्याकडचा तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. घामात मीठ असतं, ते लोखंडाला खातं, आणि चामडं ओल धरून ठेवतं. म्हणून होल्स्टर आणि कातडी यांच्या मधे पातळ सुती शमीज घाला, घामोळ्याही येणार नाहीत. घरी आल्यावर रिकामं करून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, आणि रात्री चामड्याच्या होल्स्टरमधेच ठेवून देऊ नका, गंज तिथेच धरतो. कुलुपाच्या कपाटात, गोळ्या वेगळ्या, आणि चावी देवघरात किंवा डब्याखाली नाही, ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते.

बाथरूमचं कुणी बोलत नाही पण विचारायचं तिथेच असतं. बाहेर कुठे गेलात तर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून काढायचं नाही, दाराच्या खुंटीला लटकवायचं नाही, फ्लशच्या टाकीवर ठेवायचं नाही, विसरून येता. आमच्या पट्ट्याला वेगळं बक्कल असतं ते याचसाठी, सलवार सोडली तरी पट्टा कंबरेला राहतो.

काही दिवस ते घरीच कुलुपात राहू द्या. लग्नात, हळदीत, वरातीत नाहीच. हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि आपण नाही झाडली तरी दारू प्यालेला एखादा भाचा "मामी बघू द्या ना" म्हणत मागे लागतोच. आखाजीला, म्हंजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसणार असाल, कानबाईच्या मिरवणुकीत नाचणार असाल, तेव्हाही नको. कडेवर लेकरू असेल त्या दिवशी नको, लेकराचे पाय बरोबर कंबरेलाच लागतात. आणि मळ्यात बिबट्या येतो म्हणून विचारतात, त्याच्यासाठी हे नाही, बिबट्या कायद्याने संरक्षित आहे, वनखात्याला फोन करायचा. पोट दिसायला लागलेल्या गरोदर तायांनी पोटाचा पट्टा पूर्ण बंद करावा, आम्ही त्या महिन्यांसाठी शिवून पण देत नाही.

मापाला येताना हत्यार आणू नका. आमच्याकडे नेहमीच्या मॉडेलचे लाकडी आणि प्लास्टिकचे ठोकळे आहेत, त्यांच्यावरच होल्स्टर बसवतो, तुमचं मॉडेल नसेल तर भाऊ लायसन्सवरची नोंद बघून ठोकळा मिळवतो, चार-आठ दिवस जास्त लागतात. रोज वापरता तेच कपडे आणि तीच चप्पल घालून या, टाच बदलली की कंबरेचा तोल बदलतो. ट्रायल मागच्या खोलीत मी स्वतः घेते, पुरुष माणूस तिथे येत नाही. ठोकळा लावून तुम्हाला खाली बसायला, वाकून बादली उचलायला आणि दारातल्या स्कुटीवर बसायला लावणार, त्यात जिथे टोचेल ते तिथल्या तिथे खडूने खूण करून घेते. पहिल्या महिन्यात कितीही वेळा बदलायला आणा, पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं, सकाळी लवकर या.