अपघातानंतरची नोकरी : भरपाईच्या तक्त्यापासून कलम 47 पर्यंत

यंत्रात हात गेलेल्या कामगाराला आपल्याकडे आधी पैसे मिळू लागले. नोकरी टिकण्याचा हक्क मिळायला आणखी सत्तरेक वर्षे गेली. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 ला लागू झाला. कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के घटली, याचा तक्ताच त्याला जोडलेला होता. त्या हिशेबाने रक्कम दिली की मालक मोकळा. बरा होऊन परतलेल्या माणसाला काम द्यायचे का, यावर कायदा गप्प होता.

1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने थोडा आडोसा दिला : आजारपणाचा भत्ता चालू असताना कामावरून काढायचे नाही. पण 1953 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या आली, आणि सततच्या आजारपणामुळे नोकरी गेली तर ती कपात नव्हे, असे तिच्यातच लिहिले गेले. म्हणजे कपातीची भरपाईसुद्धा नाही. इतकी वर्षे राबलेल्या माणसाच्या बाबतीत हे क्रूरच होते.

याची झळ राजस्थानच्या एसटी चालकांना बसली. नजर अधू झाली म्हणून त्यांना घरी बसवले गेले. ही कपात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1990 मध्ये मान्य केले. पण गाडी चालवूनच डोळे अधू झालेल्यांना असे वाऱ्यावर सोडणे अन्याय्य आहे, असेही म्हटले. पर्यायी काम द्या, ते नसेल तर सेवेच्या वर्षांनुसार भरपाई द्या, अशी योजना न्यायालयाने आखून दिली.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातले कलम 47 याहून पुढे गेले. नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढायचे नाही, हुद्दा उतरवायचा नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे, आणि तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडचे जादा पद. पाय कापावा लागलेल्या एका जवानाला ‘अनफिट’ ठरवून घरी पाठवले होते. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे तो निर्णय रद्द केला. त्याआधी, 1997 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता : काम करण्याइतका तो धडधाकट असेल तर निव्वळ लागण झाली म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम 47 ची जागा कलम 20(4) ने घेतली, पण त्यात बंधन आहे ते ‘सरकारी आस्थापने’वर. चाकण किंवा बुटीबोरीच्या खासगी कारखान्यातला कामगार त्याच्या कक्षेत येत नाही. बोटे सर्वाधिक तुटतात ती पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशिनवर, आणि अशी मशिने असतात बहुतेक खासगी कारखान्यांतच. म्हणून हे कलम तिथवर न्यायलाच हवे.