टीम ओनर (बेळगाव सीमाभाग)

टीम ओनर म्हणजे संघाचा मालक, पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं संघमालक असं कोण म्हणत नाही, "आमचा ओनर" असंच म्हणतात. शब्द एकच पण तो दोन तऱ्हेच्या माणसांना लागतो, एक टीव्हीवर दिसणारा कोट्यवधींचा मालक आणि दुसरा गल्लीतला, ज्याचं हार्डवेअरचं दुकान असतं नाहीतर दोन जेसीबी असतात.

शब्द नवा असला तरी हौस जुनी आहे. आधी ती कुस्तीत होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवान सांभाळले, १९१२ ला खासबाग मैदान बांधलं, आणि ते वेड इकडं बेळगावातही मुरलंय, गावातला एखादा शेट पोराच्या खुराकाचा खर्च उचलायचा, दूध, तूप, बदाम सगळं, आणि मैदानात पोरानं समोरच्याची पाठ लावली की फेटा शेटलाही. पण पैलवानाची बोली लागत नव्हती. ती आयपीएलनं आणली. २००८ च्या जानेवारीत मुंबईची टीम ११ कोटी १९ लाख डॉलरला गेली आणि बेंगळुरूची ११ कोटी १६ लाखाला, म्हणजे फरक फक्त ३ लाखाचा, पण बेळगावात त्या दोन टीमवरून एकाच घरात दोन रिमोट लागतात. फेब्रुवारीत खेळाडूंचा लिलाव झाला, धोनी १५ लाख डॉलरला गेला, आणि तेव्हापासून 'ऑक्शन' हा शब्द मार्केट यार्डातनं मैदानात आला.

बेळगावच्या नावाची प्रोफेशनल टीमही होती. २००९ ला सुरू झालेल्या कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये बेळगाव पँथर्स, पुढं शहराचं नाव बदलल्यावर बेळगावी पँथर्स, २०१७ ला चॅम्पियन झाली. दोनच वर्षांत, २०१९ मध्ये, टीमच्या मालकाला बेंगळुरू पोलिसांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक केली. २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टानं मॅच फिक्सिंग ही कलम ४२० खालची फसवणूक होत नाही असं सांगून केस रद्द केली, पण तोवर लीगच बंद पडलेली, आणि त्याच वर्षी तिच्या जागी महाराजा ट्रॉफी आली त्यात सहा टीम, बेळगाव नाही. हे इथल्या पोरांना अजून लागतं.

मोठ्या मालकांचं समाजकार्य म्हटलं की मुंबई इंडियन्सवाल्यांनी वानखेडेवर हजारो शाळकरी पोरांना फुकट मॅच दाखवली ते सगळ्यांना आठवतं. माझ्या मते त्याहून बघण्यासारखं काम रॉनी स्क्रूवाला यांचं आहे. यूटीव्ही ही टीव्ही-सिनेमाची कंपनी उभी केली, ती डिस्नीला दिली, मग प्रो कबड्डीत यू मुंबा घेतली, आणि दुसऱ्या बाजूला पत्नी झरीना यांच्यासोबत स्वदेस फाउंडेशन काढून रायगड जिल्ह्यातल्या गावांत पाणी, संडास, शाळा, आरोग्य यावर काम केलं. २०१५ ची फायनल यू मुंबानं बेंगळुरू बुल्सलाच हरवून जिंकली, त्यामुळं सीमाभागात हा मालक कबड्डीमुळंच आवडला, रायगडचं काम कुणाला माहीतच नाही.

आता गल्लीतला ओनर. टेनिस बॉल क्रिकेटचा सीझन दिवाळीनंतर लागतो तो पाऊस पडेपर्यंत, आणि ऑक्शन एखाद्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टरवर पोराचा आधार कार्डासारखा फोटो. बोली पॉइंटमध्ये, खरे पैसे एंट्री फी, जर्सी, नाष्टा, डीजे यात जातात आणि परत काही येत नाही. "मामा, ह्याला सोडू नकोस की, यॉर्कर टाकतोय," असं मागनं कोणतरी कानात सांगतंय आणि मामा पॅडल वर करतोय, पोरगं कुठल्या गावचं हेही त्याला ठाऊक नसतं. मॅच बेळगावच्या सरदार्स मैदानावर असली की कॉमेंट्री एका ओव्हरमध्ये मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषांत होते.

ह्याच ओनरकडं मग रक्तदान शिबिर, शिवजयंतीच्या चित्ररथाची वर्गणी, कुणाच्या ऑपरेशनचे पैसे असं सगळं येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर येऊन चिकोडी, निपाणीकडची गावं पाण्यात गेली तेव्हा भाकरी आणि पाण्याचे बॉक्स घेऊन जाणाऱ्यांत टीमच्या जर्सी घातलेली पोरंही होती. काही ओनर पुढं इलेक्शनला उभे राहतात, ते लपवतही नाहीत. जूनमध्ये वह्या वाटतात, कव्हरवर ओनरचा फोटो आत छापलेल्या पाढ्यांपेक्षा मोठा, आणि गणपती येईपर्यंत त्या फोटोला पोरांनी पेनानं मिशा काढलेल्या असतात, त्याला आधीच असल्या तरी.