खाटेवर पडून राहण्याची किंमत

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आत्याबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉकरच्या आधाराने उभे केले. उभे राहताच त्यांना चक्कर आली, आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांनी एकमुखाने ठरवले की अंगात ताकद नाही, महिनाभर यांना उठवूच नये. हा सल्ला मायेचा होता. पण पडून राहिल्याने अशी चक्कर कमी होत नाही, उलट वाढत जाते.

आपण उभे असतो तेव्हा बरेचसे रक्त पायांकडे उतरलेले असते. आडवे झालो की ते छातीकडे सरकते, शरीराला द्रव जास्त झाल्याचा भास होतो आणि मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू लागतात. काही दिवसांत रक्तातील द्रवभाग घटतो, आणि उभे राहताना पायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळण्याची यंत्रणाही मंदावते. मग रुग्ण उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते, घरचे त्याला पुन्हा झोपवतात, आणि पुढच्या वेळी अंधारी अधिक येते. नागपुरी उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतही घामावाटे पाणी जातच असते, त्यामुळे पाणी कमी प्यायलेल्या वृद्धांना हा त्रास आणखी जाणवतो. याशिवाय पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात ते काम थांबल्याने शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, हाडांतून कॅल्शियम निघू लागते आणि मांडीचे स्नायू झपाट्याने रोडावतात.

हे किती वेगाने घडते, ते 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या प्रयोगात दिसले. विशीतील 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. त्याच पाच जणांची 30 वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्या तीन आठवड्यांत झालेली घट तीस वर्षांच्या वयोमानाने झालेल्या घटीपेक्षा मोठी असल्याचे आढळले. मला हा निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो, कारण ते तरुण आजारी नव्हते, आणि आपल्या घरात खाटेवर पडलेले माणूस बहुधा सत्तरीचे असते.

पूर्वी डॉक्टरही हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे पूर्ण विश्रांती सांगत. बोस्टनचे सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी 1952 मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला. पुढे 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरनिराळ्या आजारांतील सक्तीच्या विश्रांतीच्या 39 चाचण्या एकत्र तपासल्या. एकाही आजारात तिचा ठळक फायदा दिसला नाही.

तरीही घाईत उठवणे म्हणजे उपचार, असा अर्थ कोणी काढू नये. पक्षाघाताच्या 2104 रुग्णांवर पाच देशांत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या 24 तासांतच पुष्कळ हालचाल करवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा काहीशी वाईट निघाली. त्याच माहितीच्या पुढील विश्लेषणात मात्र थोड्या वेळाची पण वारंवार केलेली हालचाल उपयोगी ठरल्याचे संकेत मिळाले. म्हणजे औषधाप्रमाणे येथेही मात्रा पाहावी लागते, आणि ती रोग्यागणिक वेगळी असते. मोडलेल्या हाडाच्या टोकांना स्थिरता हवीच असते, म्हणून तर प्लास्टर घालतात किंवा स्क्रू बसवतात. पण ती स्थिरता त्या हाडापुरती असते, बाकीच्या देहाला तिची गरज नसते.

आत्याबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी क्रम आखून दिला होता: आधी उशाकडचा भाग उंच करून बसणे, मग पाय खाली सोडून काही मिनिटे थांबणे, चक्कर ओसरली की उभे राहणे, आणि त्यानंतर चार पावले. उन्हे चढण्याआधी, सकाळी सहाच्या सुमारास, त्या ओसरीतून तुळशीपर्यंत जाऊ लागल्या. दुपारी मात्र त्या झोपत, आणि त्या झोपेला कोणीही हरकत घेतली नाही.